मास्तरांच्या दारावरची नोटीस

"चोरी! तिसऱ्यांदा चोरी!"

हे शब्द इतक्या जोरात आले की खालच्या मजल्यावर चपला दुरुस्त करणाऱ्याची हातोडी थांबली आणि भावोजींच्या कपातला चहा बशीत उतरला.

दारात बँडमास्तर उभे होते. जन्मभर कर्ण्यांच्या आणि ढोलांच्या वरताण बोलायची सवय. माणूस निवृत्त झाला तरी आवाजाला ते कुणी कळवलं नव्हतं. मिशा मात्र आज खाली आल्या होत्या.

"बसा मास्तर," वहिनी म्हणाल्या. "काय गेलं चोरीला?"

"नोटीस!"

"सोन्याची होती का?" भावोजींनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतत विचारलं.

वहिनी म्हणजे त्या भागातल्या एकमेव खासगी गुप्तहेर. शाळेत शिवण शिकवता शिकवता कोणत्या मुलीने कुणाची कात्री लपवली हे शोधायची सवय लागली, आणि पुढे तोच धंदा झाला. भावोजी हे त्यांचे सख्खे दीर, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. या धंद्यात डोकं आपलं चालतं आणि पाय वहिनींचे, अशी भावोजींची समजूत होती. खरं नेमकं उलटं होतं, पण वहिनींनी त्यांना कधी तसं सांगितलं नाही.

"नीट पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"घराच्या खिडक्या बदलायच्यात. जुन्या लाकडी काढून नव्या सरकत्या बसवायच्या. त्याला परवाना लागतो. परवान्याआधी कचेरी शिक्का मारलेली नोटीस देते. ती सलग दोन आठवडे दारावर लावायची, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्याने सांगावं. मध्येच नोटीस गेली, तर नवी आणायची आणि पुन्हा पहिल्यापासून!"

"मग गेली हे कचेरीला सांगायचं कशाला?" भावोजी म्हणाले. "हळूच दुसरा कागद..."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

भावोजींनी कप तोंडाला लावला. मास्तरांची कीर्ती सगळ्यांनाच ठाऊक होती. लेकीचं अर्ध्या तिकिटाचं वय ज्या दिवशी संपलं, त्या दिवशी त्यांनी भर बसमध्ये कंडक्टरला ओरडून ते कळवलं होतं.

"थोडा उशीर झाला तर एवढं काय बिघडतं?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "लेकीचे दिवस भरत आलेत. बाळाची खोली वरची, रस्त्याकडची. तिथल्या खिडकीची एक झडप कित्येक वर्षं अर्धवट उघडी अडकलीय. मिटत नाही की उघडत नाही. वारा थेट पाळण्यावर येणार. थंडी तर तोंडावर आली. जावई म्हणतो, खिडक्या झाल्या नाहीत तर आम्ही भाड्याने दुसरीकडे राहतो. त्याचं काही चुकत नाही हो. पण मग मी त्या घरात राहू कुणासाठी?"

वहिनींनी पायांत चपला सरकवल्या. "चला. आधी दार बघू."

मास्तरांचं घर दुमजली आणि समोरून उन्हात न्हालेलं. रस्ता अरुंद, दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर गाडीवाल्यांची ओळखच व्हायची. पलीकडे बैठ्या घरांची ओळ. त्यांची तोंडं इकडे आणि पाठी उन्हाकडे, त्यामुळे तिथे दिवसाही सावली असे.

दार जाड जुन्या लाकडाचं होतं. त्यावर मधोमध पाटीएवढा चौकोन बाकीच्या दारापेक्षा स्वच्छ दिसत होता. वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ दाराला टेकवलं.

"पहिली नोटीस कशाने लावली होती?"

"मीच चार खिळे ठोकले होते. सकाळी पाहतो तर नोटीस नाही, आणि उंबऱ्याच्या कोपऱ्यात ही." मास्तरांनी खिशातून कागदाची एक पुडी काढली. आत चारही खिळे, सरळच्या सरळ.

पुडी दोऱ्याशिवाय बांधलेली होती. तिच्या घड्या इतक्या धारदार की बोट फिरवलं तर कापेल असं वाटावं.

"पुडी!" भावोजी वहिनींच्या कानात म्हणाले. "जावई औषधाच्या दुकानात असतो ना? तिथे पुड्याच बांधतात."

"दुसरी?" वहिनींनी मास्तरांना विचारलं.

"जावयाने दुकानातला घट्ट डिंक आणून चिकटवली. म्हणाला, आता दारासकटच न्यावी लागेल. पण दार राहिलं आणि नोटीस गेली! तिसरी समोरच्या बाइंडरने लावली, स्वतः शिजवलेल्या खळीने. माझा बुद्धिबळाचा जोडीदार तो, आणि पुस्तकं बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. आज सकाळी तीही गायब. तेवढाच चौकोन ओला होता."

"दव पडलं असणार," भावोजी म्हणाले.

"फक्त चौकोनावर?" वहिनी म्हणाल्या. "शिस्तीचं दिसतंय दव."

त्यांनी नखाने दाराचा कोपरा न् कोपरा तपासला. डिंकाची नोटीस काढली की कागदाचा कपटा तरी राहतोच. इथे एकही नव्हता.

सुतार कोपऱ्यावरच्या वखारीत रंधा मारत होता. मास्तरांचं नाव काढताच त्याने रंधा बाजूला आपटला.

"सरकत्या खिडक्या! कारखान्यातून आणलेल्या! माझ्या बापाने बसवलेलं लाकूड आहे ते. मी म्हटलं, दुरुस्त करून देतो. तर म्हणे, नको, आता नवंच हवं. लावा म्हणावं नवं."

"म्हणून तुम्ही नोटीस काढलीत?" भावोजींनी एकदम घाव घातला.

"मी? मी मास्तरांना तोंडावर शिव्या देऊन आलोय. लपूनछपून काय करायचंय मला?" बोलता बोलता त्याचं लक्ष भावोजींच्या छत्रीकडे गेलं. सकाळीच नळाखाली धुतलेली ती छत्री भावोजींनी फळ्यांच्या थप्पीला टेकवली होती. सुताराने झडप घालून ती उचलली. "ओलं! लाकडावर ओलं ठेवता? काळे डाग पडतात, फुगतं! माणसाला काही काळजी?" आणि त्याने आपल्या सदऱ्याच्या बाहीने फळी पुसून काढली.

"भलताच तापट," बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले. "माझा याच्यावर संशय आहे."

"मघाशी जावयावर होता."

"तोही आहे. दोन संशय बाळगायला बंदी आहे का?"

जावई दुकानात एकटाच होता. खोक्यावरची जुनी चिठ्ठी काढून नवी लावायचं त्याचं काम चाललं होतं. निम्मी चिठ्ठी त्याच्या बोटांवर, निम्मी खोक्यावर. त्याच्यामागे फळीवर अशी बरीच जखमी खोकी रांगेने उभी होती.

"बाबांना वाटतं मला घर सोडायचंय," तो म्हणाला. "मला कुठे हौस आहे? बाबांच्या आवाजाने झोप लागत नाही हे खरं, पण आता त्या आवाजाशिवायही लागत नाही. फक्त बाळाला वारा लागू नये, एवढंच."

"पुड्या तुम्हीच बांधता का?" भावोजींनी डोळे बारीक केले.

"छे हो. आता गोळ्या तयार पाकिटात येतात. पुडी बांधायला बसलो तर ती बाळाच्या लंगोटासारखी होते माझी."

परवान्याच्या कचेरीतला कारकून मात्र गप्पिष्ट निघाला. दिवसभर लोक त्याच्याशी फक्त भांडायला येत, त्यामुळे साधं बोलणारं माणूस दिसलं की तो खुर्ची पुढे ओढायचा.

"मास्तरांच्या खिडक्यांवर कुणाची हरकत?" त्याने मान हलवली. "एकही नाही. खरं सांगू का बाई, हरकत आली तर माझं काम सोपं होतं. शेजारी आणि मालक दोघं इथं येतात, समोरासमोर बसून काय ते ठरवतात, तडजोड लिहून देतात. मग नोटिशीचं कामच उरत नाही. मी तिथल्या तिथे शिक्का मारतो. पण लोकांना वाटतं, हरकत घेतली म्हणजे भांडण झालं."

भावोजींनी मोठी जांभई दिली. वहिनींनी मात्र त्याला हीच गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली.

दुपारी दोघं बाइंडरकाकांकडे गेली. खोली एकच, पण ऐसपैस. दाराशेजारी खिडकी, खिडकीखाली पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचं पातेलं, आणि कागद दुमडायची गुळगुळीत झालेली हाडाची पट्टी. काका बारीक अंगाचे आणि हळू बोलणारे. मास्तरांशी त्यांची मैत्री कशी टिकली याचं लोकांना नवल वाटे. भावोजींना वाटलं, एक बोलतो आणि एक ऐकतो, म्हणून टिकली असेल.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. खुबा मोडल्यापासून त्यांचं बाहेर पडणं बंद झालं होतं. मांडीवर लहानसं दुपटं होतं, आणि त्यावर पिवळ्या दोऱ्याने बदकांची रांग उठत होती.

"मास्तरांच्या नातवंडासाठी," त्या हसून म्हणाल्या. "बाळ आधी येतं की सातवं बदक, बघू."

"खिडकीपाशी का नाही बसत? रस्ता तरी दिसेल," भावोजी म्हणाले. खुर्ची पार खोलीच्या आतल्या बाजूला, कपाटाजवळ होती.

"इथेच बरं आहे मला. आणि दुपारी आमच्याकडे पाहुणा येतो ना. न बोलावता, रोज."

भावोजींचे कान टवकारले. "कोण पाहुणा?"

"आहे एक. पावसापाण्याचा येत नाही, पण एरवी चुकत नाही. माझं सगळं भरतकाम तो असतानाच होतं." काकूंनी नवऱ्याकडे मिस्किलपणे पाहिलं. काका खळीचं पातेलं उगाचच ढवळत होते.

वहिनी खोलीभर नजर फिरवत होत्या. कपाट निळ्या रंगाचं होतं, पण एका बाजूला त्याचा रंग विटून आकाशासारखा झाला होता. त्याच्या शेजारी तिवईवर कुंडी होती. खिडकीपासून एवढ्या लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि तरी झाड लाल फुलांनी डवरलेलं.

"नोटीस कोण काढत असेल, काही अंदाज?" वहिनींनी काकांना विचारलं.

"नाही बुवा," काका पातेल्याकडे बघत म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "सरकत्याच ठरल्यात का हो? उघडणाऱ्या झडपा नाहीतच?"

"सरकत्याच म्हणतात."

"सरकत्याच," काका स्वतःशी म्हणाले.

"अहो, जरा खुर्ची पुढे घ्या ना, वेळ झाली त्याची," काकू म्हणाल्या.

भावोजी पाहुण्याची वाट बघायला बूड टेकणार, तोच वहिनींनी त्यांना दंडाला धरून उठवलं. बाहेर पाऊल टाकताच भावोजींनी डोळ्यांवर हात धरला. "काय हे ऊन! डोळे दिपले."

"भावोजी, सूर्य तुमच्या पाठीमागे आहे," वहिनी म्हणाल्या, आणि समोर मास्तरांच्या वरच्या मजल्याकडे पाहून गालात हसल्या.

भावोजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पलीकडे विजेच्या खांबाआड उभे राहून पाहुण्यावर पाळत ठेवणार होते. संध्याकाळी ते पाय ओढत परतले.

"कुणीही आलं नाही, वहिनी. दारातून चिमणी आत गेली नाही. म्हणजे तो मागच्या दाराने येतो!"

"त्या घराला मागचं दार नाही. मागे दुसऱ्या घराची भिंत आहे."

"मग छपरातून?"

"जवळ आलात," वहिनी म्हणाल्या. "उद्या आकाश निरभ्र राहिलं, तर तुमची त्याच्याशी गाठ घालून देते."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना बाइंडरकाकांच्या खोलीत जमवलं. मास्तर मिशा ताठ करून आले. लेक पोट सावरत स्टुलावर बसली. जावई तिच्यामागे उभा राहिला. सुतार दाराच्या चौकटीला टेकून, चौकटीचा सांधा मनातल्या मनात नापास करत होता.

"चोर इथेच आहे?" मास्तर गरजले. शिकंज्यावरच्या सुया थरथरल्या.

"इथेच आहे. पण आधी तो माणूस कसा आहे ते ऐका," वहिनी म्हणाल्या. "ज्याला दुष्टावा करायचा, तो नोटीस टराटरा फाडतो आणि खिळे तिथेच टाकतो. आपल्या चोराने चार खिळे उपटले, पुडीत बांधले आणि कोपऱ्यात ठेवले. का? घरात एक पोटुशी बाई वावरते, तिच्या पायात खिळा जाऊ नये म्हणून. म्हणजे मास्तरांच्या घराचं वाईट चिंतणारा हा नव्हेच."

लेकीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

"पुडी म्हटल्यावर भावोजींना जावईबापू आठवले. पण त्यांना खोक्यावरची बोटभर चिठ्ठी धड काढता येत नाही. घट्ट डिंकाने लावलेली नोटीस त्यांनी काढली असती तर निम्मी दारावर राहिली असती. दारावर तर कपटाही नाही."

"मी आधीच सांगितलं होतं," जावई म्हणाला, आणि आपण कशाचं समर्थन करतोय हे लक्षात येऊन लाजला.

"दुसरा संशय सुतारांवर. त्यांना राग होता, कारण होतं. पण तो डिंक सुटला कसा? चौकोन भिजवून. शांतपणे, पुन्हा पुन्हा पाणी लावून. ज्या माणसाला फळीजवळ ओली छत्री खपत नाही, तो आपल्या बापाच्या वेळच्या लाकडावर पाणी ओतेल?"

"हात झडतील माझे!" सुतार म्हणाला.

"मग उरलं कोण? कागद न दुखवता सोडवणं हाच ज्याचा धंदा आहे. जुनी पुस्तकं उघडताना तो रोज हेच करतो. पुडीच्या धारदार घड्या नुसत्या बोटांनी पडत नाहीत, त्यावर हाडाची पट्टी फिरते. आणि तिसऱ्या नोटिशीला खळ कुणाची होती? किती पाण्यात सुटेल हे आधीच ठाऊक असलेली."

मास्तर हळूहळू वळले.

"बाइंडर? तू?"

काका शिकंज्यापाशी गेले, चाक फिरवलं आणि दोन पुठ्ठ्यांमधून तीन नोटिसा काढल्या. कोऱ्या नोटांसारख्या सपाट, एक सुरकुती नव्हती.

"फेकून तरी द्यायच्या," भावोजी हळहळले.

"कागद चांगला होता," काका पुटपुटले.

"पण का?" मास्तरांचा आवाज फाटला. "माझं नातवंड गारठावं म्हणून? चाळीस वर्षं माझ्याशी बुद्धिबळ खेळलास तू!"

"थांबा मास्तर," वहिनी म्हणाल्या. "पाहुणा यायची वेळ झाली. भावोजी, दाराकडे नको, कपाटाकडे बघा."

सगळे कपाटाकडे बघू लागले. आधी काहीच नव्हतं. मग कपाटाच्या विटलेल्या बाजूवर सोनेरी रेघ उमटली. ती रुंद झाली, कुंडीवर उतरली, लाल फुलं पेटल्यासारखी झाली. तिथून तो उन्हाचा कवडसा सावकाश खुर्चीवर आला आणि काकूंच्या मांडीवर, बदकांच्या रांगेवर स्थिरावला. काकूंनी सवयीने दोन्ही तळवे त्यात धरले.

"पण या घरात ऊन येतंच कसं?" सुतार म्हणाला. "पाठ आहे उन्हाकडे."

वहिनींनी खिडकीतून बोट दाखवलं. पलीकडे, मास्तरांच्या वरच्या खोलीची अडकलेली झडप तिरकी उभी होती आणि तिचं तावदान आरशासारखं लखलखत होतं.

"खुर्ची खिडकीपाशी नाही, कारण ऊन तिथे पडत नाही. झाड अंधारात फुलतं, कारण तो अंधार नाही. आणि काल बाहेर पडताना सूर्य पाठीमागे असून भावोजींचे डोळे समोरून दिपले. मास्तर, तुमची ती मोडकी झडप नेमक्या कोनात अडकलीय, आणि तिने या घराला ऊन दिलंय. सरकती खिडकी भिंतीला सपाट बसते. हा कोन गेला की पाहुणाही गेला."

काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "माझ्यासाठी? अहो, मला विचारलं तरी का? त्या पोरीच्या बाळाला वारा लावून मला ऊन नको होतं!"

"माहीत होतं, तू नकोच म्हणशील," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "म्हणून तर विचारलं नाही. मास्तर, रोज ठरवायचो की उद्या सांगू. मग दुपारी ऊन यायचं, ही हसायची, आणि माझी जीभच उचलत नसे. हरकत घेतली असती तर आयुष्यभराच्या मैत्रीची कचेरीत भांडणं झाली असती. मला तेही नको होतं. दोन आठवडे मिळाले की वाटायचं, काहीतरी सुचेल. सुचलं काही नाही. मी चुकलो."

मास्तर खुर्चीपाशी गेले. आपला भलामोठा पंजा त्यांनी काकूंच्या हाताशेजारी त्या उन्हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"एवढी वर्षं," ते म्हणाले, "मी त्या झडपेला शिव्या घालतोय." आणि मग ते काकांवर असे ओरडले, की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला उतरला. "अरे गाढवा! मला सांगायचं! तू सांगितलं असतंस तर मी छपरावर आरसा घेऊन बसलो असतो!"

लेक हसायला लागली, इतकी की जावई घाबरून पाणी शोधू लागला. पाठोपाठ काकू हसल्या, आणि काका रडता रडता हसले.

"आरसा नको," दारातून सुतार म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो डोळे बारीक करून वरच्या खिडकीचं माप घेत होता. "काचेला कोन हवा, खोलीला वारा नको. बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप करू, हवी तिथे अडकवता येईल अशी. आतून दुसरी, घट्ट मिटणारी. बाहेरची तिरकी राहील, आतली बंद. बाळ उबेत आणि काकू उन्हात. पण ही कारखान्यात मिळत नाही," तो मास्तरांकडे बघून म्हणाला. "हातानेच करावी लागते."

"तूच कर!" मास्तर म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "पण म्हणजे नवा अर्ज. पुन्हा दोन आठवडे नोटीस. तोवर बाळ यायचं."

"काही नको," वहिनी म्हणाल्या. "शेजाऱ्याने हरकत घ्यायची, मालकाने मान्य करायची. तडजोड लिहून दिली की तिथल्या तिथे शिक्का."

भावोजींनी बोटांवर दिवस मोजले.

"म्हणजे काकांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली असती..."

"तर आज खिडक्या बसलेल्या असत्या," वहिनी म्हणाल्या.

बाइंडरकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "भांडण टाळायला चोऱ्या केल्या मी!"

"चल ऊठ," मास्तरांनी त्यांना काखोटीला धरलं. "कचेरी बंद व्हायच्या आत माझ्यावर हरकत घे."

कारकुनाला तो दिवस बरेच दिवस पुरला. आयुष्यात पहिल्यांदा हरकत घेणाऱ्या बाइंडरकाकांनी "माझी अशी नम्र..." एवढंच म्हटलं, तोच मास्तर "मान्य!" म्हणून गरजले आणि शेजारच्या खोलीतल्या साहेबांनी काय कोसळलं म्हणून डोकं बाहेर काढलं. शिक्का बसला. काकूंनी नवऱ्याला काय शिक्षा केली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पुढे बरेच दिवस घरातली भांडी काका घासत होते.

झडपा बसल्या त्या दिवशी मास्तर वरच्या खिडकीतून दोन्ही हात हलवत होते, खालून काकू "डावीकडे! जरा उजवीकडे!" म्हणून ओरडत होत्या, आणि मधल्या रस्त्यावर सुतार दोघांवर ओरडत होता. कोन मिळाला, त्यानंतर चार दिवसांनी लेकीला मुलगी झाली. मास्तरांच्या वरताण आवाजाची.

थंडीच्या भरात एकदा भावोजी बाइंडरकाकांकडे बुद्धिबळ हरायला गेले होते. आकाश सकाळपासून गच्च भरलेलं होतं. काकूंनी दोनदा खिडकीकडे पाहिलं आणि दोरा तसाच गुंडाळून ठेवला. खोली गार होती.

दार ढकलून मास्तरांची लेक आत आली. तिच्या हातात बदकांच्या दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं, आणि गाठोड्यातून एक लालबुंद मूठ बाहेर आली होती.

"बाबांनी पाठवलं," ती म्हणाली. "म्हणाले, आज आपल्या काचेचा काही उपयोग नाही. संध्याकाळपर्यंत हिला काकूंच्या मांडीवर ठेव."

काकूंनी दोन्ही तळवे भराभर एकमेकांवर चोळले.

"थांब गं, लगेच देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आधी हात गरम होऊ देत माझे."